ट्रॅक डेसाठी टायर पारखताना: हिशोब आठव्या लॅपचा

पॅडॉकमध्ये टायरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ह्या टायरवर किती टाइम लागला?" प्रश्न रास्त आहे, पण नुसत्या त्या उत्तरावर टायर विकत घेतला तर फसगत होते. सगळ्यात वेगवान लॅप टायर नुकता गरम झालेला असताना, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत लागतो. ट्रॅक डेचं, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसाचं, सेशन मात्र पंधरा-वीस मिनिटांचं असतं आणि दिवसात अशी चार-पाच सेशन होतात. त्या पहिल्या दोन-तीन लॅपनंतर टायर कसा वागतो, पकड सोडताना आधी सांगतो की नाही, आणि संध्याकाळी त्याच टायरवर घरी जाता येतं का, यावर दिवस कसा गेला हे ठरतं. म्हणून मी टायर आठव्या लॅपला पारखतो. खाली जी पद्धत दिली आहे ती त्यासाठीच आहे. घाई करू नका. नीट तुलना करायला एक पूर्ण दिवस लागतो.

पकड येते कुठून

चाकाचा जमिनीला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. असे चार तळहात सगळी गाडी धरून ठेवतात. रबर डांबराच्या बारीक खडबडीत दाबलं जातं, वाकतं आणि पूर्ववत व्हायला थोडा वेळ घेतं. ह्या विलंबातून पकडीचा मोठा भाग येतो. उरलेली पकड रबर आणि रस्ता प्रत्यक्ष एकमेकांना चिकटण्यातून येते. दोन्हींसाठी रबर मऊ असावं लागतं, आणि ते किती मऊ आहे हे तापमानावर ठरतं. थंड रबर ताठ असतं, खाचाखोचांत शिरतच नाही. योग्य तापमानाला ते शिरतं. त्याच्याही पुढे तापलं की वरचा थर सैल पडतो आणि गाडी लोण्यावरून घसरल्यासारखी चालते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी तुलना तिच्यावर उभी आहे. टायरला दोन तापमानं असतात. पृष्ठभागाचं तापमान प्रत्येक वळणात चढतं आणि सरळ पट्ट्यावर उतरतं. आतल्या सांगाड्याचं तापमान सावकाश चढतं आणि सहजासहजी उतरत नाही. पृष्ठभाग तापला असेल तर अर्धा लॅप हळू चालवून पकड परत मिळते. सांगाडा तापला की पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) येऊन थांबण्यावाचून इलाज नाही. दुसऱ्या लॅपला सांगाडा अजून निवांत असतो, आठव्याला तो तापलेला असतो, आणि टायरचा खरा स्वभाव तेव्हा कळतो.

दुसरी गोष्ट वजनाची. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. वळणात बाहेरच्या बाजूच्या टायरवर बराचसा बोजा येतो, म्हणून जड गाडीचा बाहेरचा पुढचा टायर आधी थकतो. जो टायर हलक्या गाडीवर दिवसभर टिकला, तोच जड गाडीवर तीन लॅपमध्ये हात टेकू शकतो. दुसऱ्याच्या गाडीवरचा अनुभव ऐकताना आधी ती गाडी किती वजनाची आहे हे विचारा.

टायरची तीन घराणी

बाजारात नावं खूप असली तरी ट्रॅक डेच्या दृष्टीने तीन घराणी पुरतात.

पहिलं घराणं उत्तम उन्हाळी टायरचं: मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस, कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट, गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक ६. पावसात उत्तम, रस्त्यावर शांत, थंड असतानाही विश्वासाचे. ट्रॅकवर सलग दामटले तर तापतात, आणि जड गाडीवर बाहेरच्या खांद्याचं (पट्ट्याच्या कडेचं) रबर तुकड्या-तुकड्यांनी निघू लागतं.

दुसरं घराणं २०० ट्रेडवेअरचं. ट्रेडवेअर म्हणजे टायरच्या बाजूवर छापलेला झिजेचा आकडा; तो जितका लहान तितकं रबर लवकर झिजणारं. योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२, ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस, फाल्कन अझेनिस आरटी६६०, कुम्हो एक्स्टा व्ही७३०, हँकुक व्हेंटस आर-एस४, कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट फोर्स ही त्यातली नेहमी कानावर पडणारी नावं. सगळ्यांवर आकडा एकच असला तरी स्वभाव दोन टोकांचे आहेत. ए०५२ आणि आरई-७१आरएस ही धावपटूंची जात: लगेच तापतात, एक-दोन लॅप अफाट पकड देतात, आणि लांब सेशनमध्ये, विशेषतः जड गाडीवर, उतरणीला लागतात. ए०५२ च्या बाबतीत तर नव्याचे नऊ दिवस ही म्हण लॅपच्या हिशोबात लावावी लागते. आर-एस४ दुसऱ्या टोकाला आहे. तापायला वेळ घेतो, सर्वोच्च पकड थोडी कमी देतो, पण उष्णता सोसतो आणि सावकाश झिजतो. म्हणून लांब पल्ल्याच्या हौशी शर्यतींत तो इतका दिसतो. व्ही७३० त्याच बाजूला झुकतो. आरटी६६० मला ह्या दोन टोकांच्या मधला वाटतो.

तिसरं घराणं रस्त्यावर चालवता येणाऱ्या पण मुळात ट्रॅकसाठी घडवलेल्या टायरचं. टोयो प्रॉक्सेस आर८८८आर आणि निट्टो एनटी०१ यांचा ट्रेडवेअर १००. मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ हाही ह्याच वाटेवरचा. त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्याला वेगवेगळं रबर असतं. होजिअर आर७ चा आकडा तर ४० आहे, आणि तो रोज रस्त्यावर चालवायचा टायर नाही. ह्या घराण्यात नक्षी कमी आणि रबर जास्त. कोरड्यात ते बाकीच्यांना मागे टाकतात, साचलेल्या पाण्यात मात्र त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

माझं मत स्पष्ट आहे: पहिले पाच-सहा ट्रॅक डे पहिल्या घराण्यावरच करा. कमी पकडीचा टायर कमी वेगाला घसरतो, आधी आवाज करतो, स्टिअरिंग हलकं होऊन हाताला खबर देतो. चूक झालीच तर ती सावरण्याजोग्या वेगाला होते. साधा हिशोब बघा. ६० मीटर त्रिज्येच्या वळणात १ जी (गाडीच्या वजनाएवढ्या) पकडीवर गाडी सुमारे ८७ किलोमीटर वेगाने जाते. पकड दहा टक्के वाढवली तर हा वेग साधारण ९२ होतो. म्हणजे दहा टक्के महागड्या पकडीतून वळणात पाच टक्के वेग मिळतो, आणि घसरली तर गाडी त्या वाढीव वेगाने बाहेर जाते. योग्य रेषा आणि ब्रेकचा योग्य बिंदू शिकून त्याच वळणात याहून जास्त मिळतं.

पायरी पहिली: साइडवॉल वाचा

ट्रेडवेअर हा अमेरिकेच्या यूटीक्यूजी ह्या टायरचे दर्जे ठरवणाऱ्या पद्धतीतला आकडा. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यांवर सुमारे ११,६०० किलोमीटर गाड्या चालवून, प्रमाण टायरच्या झिजेशी तुलना करून तो काढतात. पण ही चाचणी टायर कंपनी स्वतः करते आणि आकडाही तीच जाहीर करते. दोन कंपन्यांचे २०० म्हणजे सारखी झीज असं समजू नका. अमेरिकेतल्या हौशी ऑटोक्रॉस आणि टाइम अटॅक ह्या घड्याळाशी खेळायच्या स्पर्धांच्या बऱ्याच गटांत किमान २०० ची अट असते. त्यामुळे कंपन्यांनी आपले सगळ्यात चिकट टायर बरोबर त्या रेषेवर आणून ठेवले आहेत. २०० म्हणजे पुष्कळदा "ह्या गटात चालेल" एवढाच अर्थ.

ट्रॅक्शनचा एए किंवा ए हा दर्जा ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावण्याच्या चाचणीचा आहे. वळणातल्या कोरड्या पकडीबद्दल तो काही सांगत नाही. तापमानाचा ए, बी, सी हा दर्जा टायर मोठ्या वेगाला किती उष्णता सोसून शाबूत राहतो याचा आहे. आठव्या लॅपला पकड राहील का, ते त्यातून कळत नाही.

त्यानंतर तारीख बघा. डॉट अक्षरांनंतरच्या रांगेतले शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळणारा चिकट टायर बरेचदा जुना साठा असतो, आणि ह्या जातीचं रबर पडून राहिल्याने कडक होत जातं. दोन टायरची तुलना करायची असेल तर दोघांचं वय जवळपास हवं.

भार निर्देशांक आणि वेगाचं अक्षर गाडीच्या पुस्तिकेतल्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७० किलो. व्ही म्हणजे २४० किलोमीटर, डब्ल्यू २७०, वाय ३००.

पायरी दुसरी: गाडी आणि माप

टायर बदलण्याआधी गाडीचा अलाइनमेंटचा कागद काढा. बहुतेक गाड्या कारखान्यातून जेमतेम एक अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला असणं) घेऊन येतात. वळणात गाडी कलली की बाहेरचा टायर खांद्यावर उभा राहतो आणि आतला अर्धा पट्टा नुसता सोबत फिरतो. अशा गाडीवर महागडा टायर घातला तर तो खांद्यावरच संपेल, आणि तुम्ही त्या टायरलाच नावं ठेवाल. पुढे दोन ते तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर मिळत असेल तर तो खर्च टायरच्या आधी करा. गाडीत तेवढी सोय नसेल तर ताठ खांद्याचा, सावकाश झिजणारा टायर घ्या.

पकड वाढली की ब्रेक, चाकांच्या बेअरिंग आणि इंजिनाचं तेल यांच्यावरचा ताणही वाढतो. लांब वळणात तेल चेंबरच्या एका बाजूला सरकतं, आणि काही इंजिनांत पंपाला तेलाऐवजी हवा मिळू लागते. दुसऱ्या घराण्यात जाण्याआधी ब्रेक फ्लुइड ताजं करा, पॅड तपासा, तेलाची पातळी वरच्या खुणेजवळ ठेवा.

मापाबद्दल मोह आवरावा लागतो. २२५/४५ आर१७ चा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर, २४५/४० आर१७ चा ६२८. व्यासात फरक एक टक्का, म्हणून बदल सोपा वाटतो. पण २४५ ला आठ इंच किंवा त्याहून रुंद रिम हवी. साडेसात इंचांवर चढवला तर साइडवॉल फुगतात, टायर वळणात डुलतो, आणि रुंदीचा फायदा तिथेच संपतो. रुंद टायर अरुंद रिमवर बसवण्यापेक्षा मूळ मापाचा टायर योग्य रिमवर बसवलेला बरा. शिवाय एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात सारखे रुंद नसतात. ए०५२ तर छापील मापापेक्षा रुंद निघतो म्हणून प्रसिद्ध आहे. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून आतून कुठे घासतं का, ते हाताने चाचपा.

पायरी तिसरी: नवा टायर मुरवणं

नव्या टायरवर साच्यातून सोडवण्याचं लेपण असतं आणि नक्षीचे ठोकळे उंच असतात. उंच ठोकळा वळणात वाकतो आणि वाकून-वाकून तापतो. पहिलं सेशन शांतपणे चालवा: वेग हळूहळू वाढवत न्या, चाक लॉक करू नका, घसरवू नका. पंधरा मिनिटांनी बाहेर या आणि तो टायर शक्य असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच थंड होऊ द्या. ह्या पहिल्या तापण्या-निवण्यातून रबर सगळीकडे सारखं बसतं आणि नंतर जास्त दिवस एकसारखी पकड देतं. तुलनेसाठी दोन्ही सेट असेच मुरलेले हवेत. एक कोरा आणि एक वापरलेला, अशी तुलना निरर्थक आहे.

पायरी चौथी: हवा

ट्रॅक डेला टायरच्या बाबतीत फक्त एकच काम नीट करायचं ठरवलं, तर ते हवेचं करा.

सकाळी गाडी सावलीत असताना, चालवण्याआधी चारही टायरचा दाब मोजा. गेज स्वतःचा ठेवा आणि दिवसभर तोच वापरा. गेज थोडा चुकीचा दाखवत असला तरी रोज तेवढाच चुकेल आणि तुलना खरी राहील. आतली हवा १० अंश सेल्सिअसने तापली की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. २५ अंशांना ३२ पीएसआय भरलेला टायर आत ७५ अंशांपर्यंत गेला तर ४० च्या आसपास पोचतो. ब्रेकची उष्णता रिममधून आत शिरते, ती वेगळी. म्हणूनच रस्त्यावरच्या दाबाने ट्रॅकवर गेलं की तिसऱ्या लॅपला टायर फुगलेला, मधल्या पट्ट्यावर उभा आणि निसरडा होतो. नवखे लोक ह्याला "टायर संपला" म्हणतात.

आपल्याला ठरवायचा आहे गरम दाब. सुरुवातीचा अंदाज म्हणून हजार-अकराशे किलोच्या गाडीला ३० ते ३२, तेराशे ते पंधराशे किलोला ३३ ते ३६, त्याहून जड गाडीला ३६ ते ३८ पीएसआय गरम दाब धरा. टायर कंपनीने ट्रॅकसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो आधी पाळा. सेशनहून परतताना शेवटचा लॅप रेंगाळून चालवू नका. सरळ पिटमध्ये या, हँडब्रेक न ओढता गाडी थांबवा आणि दोन मिनिटांच्या आत चारही चाकं ठरलेल्या क्रमाने मोजा. ३७ आला आणि हवा होता ३४, तर तीन सोडा. दोन सेशननंतर आकडे स्थिरावतात.

डावे-उजवे सारखे ठेवायचा आग्रह धरू नका. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून डावे टायर जास्त तापतात. गरम असताना चारही बरोबर आले, म्हणजे थंड झाल्यावर डाव्यांत हवा कमी दिसणारच.

साइडवॉलवर बारीक त्रिकोणाची खूण असेल तिथे खडूची आडवी रेघ ओढून सेशनला जा. रेघ त्रिकोणाच्या टोकापर्यंत घासली गेली तर ठीक. त्याच्याही खाली साइडवॉलवर गेली तर टायर कडेवर लोळतोय: हवा कमी आहे, नाहीतर कॅम्बर.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष तुलना

दोन सेट, क आणि ख, शक्यतो सारख्या रिमवर. आधी क, मग ख, मग पुन्हा क. तिसरं सेशन वाया गेल्यासारखं वाटतं, पण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. दिवसभरात डांबर तापतं, ट्रॅकवर रबर बसतं आणि तुमचा हातही सुधारतो. क च्या दोन सेशनमध्ये एक सेकंदाचा फरक निघाला तर ख च्या अर्ध्या सेकंदाच्या आघाडीला काही अर्थ उरत नाही. मी माझ्या पहिल्या तुलनेत हे केलं नव्हतं. दुपारच्या टायरला विजयी ठरवलं, तसाच सेट घेतला, आणि पुढच्या वेळी लक्षात आलं की त्या दिवशी जिंकली होती ती दुपार. तेव्हापासून तिसरं सेशन कधी सोडलेलं नाही.

प्रत्येक सेशनला पेट्रोल तेवढंच ठेवा. सोबत कुणाला बसवायचं असेल तर तिन्ही वेळा बसवा, नाहीतर एकदाही नको. फोनवरचं लॅप टायमर चालेल, पण १० हर्ट्झ किंवा त्याहून वेगवान वेगळा जीपीएस लॉगर मिळाला तर वळणातला किमान वेग दिसतो, आणि टायरची पकड त्यात सगळ्यात स्वच्छ दिसते. लॅपची वेळ गर्दीने बिघडते. पण एखाद्या मोकळ्या, लांब वळणातला किमान वेग लॅपमागून लॅप लिहून काढला की टायरची चढण आणि उतरण डोळ्यांसमोर उभी राहते.

आता हिशोब. समजा क वर सात लॅप असे लागले: १:५८.९, १:५८.२, १:५८.८, १:५९.५, २:००.०, २:००.४, २:००.६. आणि ख वर असे: २:००.१, १:५९.४, १:५९.१, १:५९.०, १:५९.०, १:५९.२, १:५९.३. सर्वोत्तम लॅपमध्ये क ०.८ सेकंदांनी पुढे आहे. सातही लॅप मिळवले तर ख १.३ सेकंदांनी पुढे जातो. आणि शेवटच्या चार लॅपमध्ये क दर फेरीला खाली जात होता, ख होता तिथेच होता. एकाच लॅपची स्पर्धा खेळणाऱ्याने क घ्यावा. ट्रॅक डेला शिकायला येणाऱ्याने ख, कारण दर लॅपला पकड बदलत असेल तर आपली चूक कोणती आणि टायरची कोणती, हे उलगडत नाही.

आकड्यांबरोबर हाताला काय जाणवलं तेही लिहा, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या लिहा. मी तीन गोष्टी टिपतो: ब्रेक सोडून वळताना पुढचं टोक किती लवकर ऐकतं, पकड सुटताना खबर मिळते की एकदम सुटते, आणि सुटलेली पकड परत किती झटकन येते. तिसरी गोष्ट लोक विसरतात. काही टायर सर्वोच्च पकडीनंतर हळुवार उतरतात, तर काही कड्यावरून पडल्यासारखे. ट्रॅकवर एकट्याने शिकताना पहिल्या जातीवर राहा, भले ती अर्धा सेकंद हळू असो.

पायरी सहावी: टायर काय म्हणतो

टोचणीचा तापमापक असेल तर पिटमध्ये येताच आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी रबराच्या आत मोजा. लांबून मोजणारा इन्फ्रारेड तापमापक फक्त पृष्ठभाग सांगतो, आणि पिटलेनमध्ये येईपर्यंत तो निवलेला असतो. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त, थंड असेल तर हवा कमी. बाहेरची कड सगळ्यात गरम असेल तर कॅम्बर कमी. आतली कड बाहेरच्यापेक्षा पाच ते दहा अंश जास्त असेल तर ते चांगलं लक्षण.

पृष्ठभागही बघा. बारीक, एकसारखं, सॅंडपेपरसारखं पोत म्हणजे टायर खूश आहे. पुढच्या टायरवर लाटांसारख्या कडा दिसल्या तर तुम्ही स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवून टायर खरवडताय. बहुतेक वेळा हा थंड टायरवर घाई केल्याचा पुरावा असतो. फोड किंवा खड्डे म्हणजे आतलं रबर जास्त तापलं. खांद्याचे तुकडे उडाले असतील तर तो टायर त्या गाडीच्या वजनाला पुरत नाही, दाब कितीही जुळवा. आणि कुठेही आतले धागे दिसले तर त्या दिवसापुरतं चालवणं संपलं. रस्त्यावरसुद्धा त्या टायरवर जाऊ नका. हे बघताना चाक फिरवून आतली कडही बघा. ती उभ्या गाडीत दिसत नाही, आणि जास्त कॅम्बरच्या गाडीवर टायर तिथेच आधी गोटा होतो.

पाऊस

पाऊस आला तर पहिलं घराणं राजा. दुसऱ्या घराण्यातले नवे टायर ओल्यात चालतात, पण निम्मे झिजलेले असताना साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतात. तिसऱ्यावर असाल तर पिटमध्ये थांबा. रस्त्याने ये-जा करणाऱ्याने हा मुद्दा खरेदीच्या आधी सोडवायला हवा. एकतर ट्रॅकचे टायर वेगळ्या रिमवर बसवून सोबत न्या, नाहीतर ओल्यात भरवशाचा टायर घ्या.

टायरचा भाव कसा काढावा

दुकानातली किंमत हा अर्धाच आकडा आहे. दिवसाआधी आणि दिवसानंतर नक्षीची खोली प्रत्येक टायरवर चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात खराब जागेचा आकडा धरा, सरासरी नको. बाहेरचा खांदा संपला की मधे चार मिलिमीटर उरले तरी टायर संपलाच. किंमत भागिले वापरता आलेले लॅप, हा खरा भाव. एक सेट सव्वापट महाग पण दुप्पट लॅप टिकला, तर त्याचा लॅपमागचा खर्च दुसऱ्याच्या ०.६२५ पट येतो. "वापरता आलेले" हा शब्द महत्त्वाचा: वारंवार तापून-निवून रबर कडक होतं, आणि नक्षी शिल्लक असतानाच पकड निघून जाते. म्हणून लॅप संख्येबरोबर प्रत्येक दिवसाचा त्या एका वळणातला किमान वेगही वहीत ठेवा. तो सलग दोन दिवस खाली राहिला तर तो सेट रस्त्यावर शांतपणे संपवा. पुढचे-मागचे अदलाबदल करता येत असतील तर पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीवर दर दिवसाआड करा. तिथे पुढचे टायर वळणं, ब्रेक आणि ओढ असं तिहेरी काम करतात.

निघण्याआधी

ट्रॅकवर हवा सोडलेली असते हे संध्याकाळी विसरलं जातं. ७५ अंशांना ३४ पीएसआय असलेला टायर २५ अंशांना येईपर्यंत २७ पर्यंत उतरतो, आणि तशा टायरवर भरल्या गाडीने हायवेला लागणं धोक्याचं आहे. टायर हाताला थंड लागल्यावर पुस्तिकेतल्या दाबापर्यंत हवा भरा. चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. दिवसातून एकदा तरी ते सैल सापडतात. चारही साइडवॉलवर आतून-बाहेरून हात फिरवून फुगवटा किंवा काप शोधा.

ट्रॅकचा वेगळा सेट असेल तर उतरवताना प्रत्येक टायरवर खडूने जागा लिहा, चिकटलेले खडे काढा आणि उन्हापासून दूर, कोरड्या जागी ठेवा. थंड प्रदेशात राहत असाल तर गोठणबिंदूखालच्या गॅरेजमध्ये ठेवू नका. हे चिकट रबर गोठलं की ठिसूळ होतं, आणि त्या अवस्थेत हलवलं किंवा वाकवलं तर त्याला तडे जातात. तडा गेलेला टायर वरून चांगला दिसला तरी पुन्हा गाडीवर चढवायचा नाही.